मालन जिना उतरली

“छबू, मला उठता येईना गं.”

मालन हे हसत म्हणाली, म्हणून मी आधी लक्षच दिलं नाही. मी माझ्या गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते आणि ती पलीकडे, तिच्या माडीवरच्या खोलीत खिडकीला लागून खुर्चीत बसली होती. आमच्या दोन घरांच्या मध्ये फक्त एक बोळ आहे, जेमतेम एक मोटरसायकल जाईल असा. कऱ्हाडातल्या आमच्या गल्लीत सगळीच घरं अशी एकमेकांच्या अंगावर आहेत. एकीनं फोडणी दिली की दुसरीला शिंक येते.

“उठता येईना म्हणजे?”

“म्हणजे बसले ती बसलेच. मगाधरनं बघतीय. गुडघं ऐकंनात.”

“चेष्टा करतीस का माझी?”

“चेष्टा कशाला करू? रणधीर यायला अजून लई उशीर हाय. आन मला मोरीत जायचंय गं.”

ते ऐकलं आणि मी मिरच्या टाकून कठड्याशी आले. मालनचा चेहरा हसराच होता, पण कपाळावर घाम होता. मी म्हटलं, खुर्चीच्या दांड्या घट्ट धर, पाय मागं घे, पुढं वाक आणि ऊठ. ती वाकली, जरा उचलली गेली आणि धपकन खाली बसली. पुन्हा तेच झालं. मी इकडून नुसतं “हां, हां, आता” म्हणत होते. हात घालून ओढावं इतकी जवळ होती आणि तरी माझ्या हाताला येत नव्हती. शेवटी ती कशीबशी उठली आणि भिंत धरून आत गेली. परत यायला तिला बराच वेळ लागला, आणि आली तेव्हा अंगावर दुसरं लुगडं होतं.

“उशीर झाला,” ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

मला रडू फुटलं. मिरच्यांच्या हातांनी डोळे पुसायची सोय नव्हती, म्हणून तशीच उभी राहिले.

टाळेबंदीचं ते वर्ष. आता त्याला बराच काळ लोटला, पण मालन त्या खुर्चीत कशी बसली होती ते मला आजही तसंच दिसतं. ती आणि मी एकाच वर्षी या गल्लीत सुना म्हणून आलो. आमच्याकडे पंचमीला बायका फेर धरतात, झिम्मा-फुगडी खेळतात. पहिल्याच पंचमीला कुणीतरी आम्हा दोघींचे हात एकमेकींच्या हातात दिले आणि तेव्हापासून आमची जोडी ठरून गेली. पोरं झाली, नवरे गेले, केस पांढरे झाले, तरी फुगडी चुकली नाही. मी अंगानं जाड आणि ती काटकुळी, त्यामुळं फिरायला लागलो की ती जवळजवळ उडायचीच. आदल्या पंचमीलासुद्धा, सत्तरी ओलांडल्यावर, आम्ही गल्लीतल्या पोरींना दमवलं होतं. आणि त्याच बाईला आता खुर्चीतून उठता येत नव्हतं. तिला नवीन काही आजार झाला नव्हता. साखर होती, पण ती जुनीच. तिला फक्त बसवून ठेवलं होतं.

बसवलं होतं तिच्या लेकानं. रणधीर हा तिचा एकुलता एक, उशिरा झालेला. वीज कंपनीत लाइनमन. सगळं जग दारं लावून बसलं तरी याला रोज बाहेर पडावंच लागायचं. बायको तेजस्विनी बाळंतपणाला बार्शीला माहेरी गेलेली, तिला तिथंच मुलगी झाली आणि जिल्ह्याच्या हद्दी बंद झाल्या. लेकीचं तोंड यानं फोनवरच बघितलेलं. त्यात दोन वर्षांपूर्वी त्याचा बाप न्यूमोनियानं गेला होता, याच्या मांडीवर डोकं ठेवून. तेव्हा पोरगं भेदरलं तर त्यात नवल नव्हतं.

त्यानं आईला माडीवर ठेवलं आणि स्वतः खाली राहू लागला. जिना बाहेरून आहे. जेवणाचं ताट वरच्या पायरीवर ठेवायचा, मागं सरायचा, मग हाक मारायचा. भाकऱ्या करपलेल्या असायच्या, पण करायचा बिचारा. काढा, हळद घातलेलं दूध, च्यवनप्राश, वाफारा, कसल्या कसल्या गोळ्या, कशाची म्हणून उणीव ठेवली नव्हती. फक्त आईनं काही करायचं नव्हतं. झाडू त्यानं खाली नेला. धुणंही नेलं. “आई, तू नुसता आराम कर, अंगातली ताकद साठवून ठेव,” एवढंच तो म्हणायचा. आणि जन्मभर कधी दुपारी पाठ न टेकलेली मालन त्याच्या समाधानासाठी दिवसच्या दिवस बसून राहू लागली.

त्या संध्याकाळी तो मोटरसायकल लावून दारात हात धूत होता, तेव्हा मी बोळाच्या तोंडाशी जाऊन त्याला गाठलं.

“रणधीर, तुझी आई आज खुर्चीतनं उठंना.”

तो दचकला. “पडली का?”

“पडली न्हाई, पण पडंल. तिला जरा हलू दे बाबा. गच्चीत फिरू दे, झाडू मारू दे, भाकरी थापू दे.”

“काकू, डॉक्टरांनी सांगितलंय, म्हाताऱ्या माणसांची प्रतिकारशक्ती जपा म्हणून.”

“जपा म्हणजे फडताळात ठेवा म्हणालेत का?”

“तुम्हाला चेष्टा सुचतीय.” त्यानं मास्क वर ओढला. “मी दिवसभर कुणाकुणाच्या दारात खांबावर चढतो. उद्या मीच तिच्यासाठी ते घेऊन आलो तर? तिच्या अंगात ताकद शिल्लक पाहिजे.”

“ताकद काय डब्यातली साखर हाय व्हय, न वापरता शिल्लक राहायला? हात-पाय हलले तर रक्त फिरणार, आन रक्त फिरलं तर आजाराशी भांडायला अंगात कायतरी उरणार. मी पोती उचलतीय म्हणून उभी हाय.”

“तुम्ही लांबच राहा, काकू. राग मानू नका, पण सगळ्या गल्लीचे डबे तुमच्या गिरणीत येतात.”

राग तर आलाच. पण तो बोलला ते खोटं नव्हतं. नवरा गेल्यापासून पिठाची गिरणी मीच चालवते आणि त्या दिवसांत सकाळच्या वेळी ती उघडायची परवानगी होती. लोक दळणाचे डबे ओट्यावर ठेवून जायचे, मी दळून पुन्हा ओट्यावर ठेवायचे. कुणाच्या डब्याबरोबर काय येतंय, हे मलाही सांगता आलं नसतं. मी घरी आले आणि सगळा राग भांड्यांवर काढला.

दुसऱ्या दिवशी पेटीतून सासूबाईंचं इरकली लुगडं काढलं. नऊवारी, जाड सुताचं, वाकळीत घालायचं म्हणून ठेवलेलं. साबणाच्या पाण्यात भिजवलं, कडक उन्हात वाळवलं, एका टोकाला गाठ मारून गच्चीवर गेले आणि मालनला खोलीबाहेर तिच्या गच्चीत यायला लावलं.

“झेल!”

तिनं झेललं नाही. लुगडं बोळात लोंबायला लागलं. मी ओढून घेतलं, पुन्हा फेकलं. ते तिच्या तोंडावर बसलं आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की खालून कुणीतरी विचारलं, काय झालं म्हणून.

“आता काय करायचं हे?” मालन म्हणाली.

“फुगडी. हात धरायची बंदी हाय ना? लुगडं धरायची न्हाई. टोक मनगटाला येढून घे. त्या स्टुलावर बस. मी इकडनं ओढते, तू ऊठ.”

आमच्या दोन्ही गच्च्यांना छातीएवढा कठडा आहे. त्याच्यावरून ते लुगडं ताणलं गेलं. मी पाय रोवून मागं झुकले आणि पलीकडे मालन स्टुलावरून वर आली. विहिरीतून कळशी यावी तशी आली. उभी राहिली आणि माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “पुन्यांदा.”

रणधीर कामावर गेला की आमचं सुरू व्हायचं. आधी बसणं-उठणं. मग लुगडं ताणून धरून टाचा उचलणं. मग ताणातच एक पाय पुढं, एक पाय मागं. पहिले काही दिवस तिचं सगळं वजन माझ्या मनगटांवर यायचं आणि रात्री माझे खांदे ठणकायचे. हळूहळू ते वजन कमी व्हायला लागलं. एक दिवस मी मुद्दाम लुगडं सैल सोडलं आणि मालन तरीही उठली. तिच्या ते लक्षातही आलं नाही. त्या दिवशी मला जेवण फार गोड लागलं.

खेळ झाला की लुगडं बादलीत, साबणात. ते मी कधी चुकवलं नाही.

“एवढं कशासाठी करतीय म्हाईत हाय का तुला?” ती एकदा दम खात म्हणाली.

“न मरण्यासाठी.”

“मरायचं तवा मरंल माणूस. तेजू नात घेऊन यील, तवा दारात भाकरतुकडा ओवाळाय मी उभी पायजे का नको? खुर्चीत बसून ओवाळू व्हय?”

ते मनात धरून ती घाम गाळत होती. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की तिची साखर उतरली. जेवण जातंय, झोप लागतीय, सकाळचा खोकला गेला. रणधीरला वाटलं, आपला काढा लागू पडला. मालननं त्याला तसं वाटू दिलं.

पावसाळ्याच्या तोंडावर एके दिवशी वारं सुटलं, कुठं तरी तार तुटली आणि ती जोडायला लागणारं सामान घरी राहिलं म्हणून तो अवेळी परत आला. त्यानं बोळातून वर बघितलं. त्याला काय दिसलं असेल ते मी समजू शकते. आई कठड्याशी, मनगटाला कापड गुंडाळलेलं, आणि पलीकडून मी तिला ओढतेय.

“सोडा! काकू, सोडा ते!”

तो जिन्यावरून धावत गेला. आईजवळ जायचं नाही हे आठवून मधल्याच पायरीवर थांबला आणि तिथूनच ओरडायला लागला. “ती खाली गेली असती म्हणजे? आणि हे कापड! तुमच्या हातातलं तिच्या हातात!”

“धुतलेलं हाय रं. आन कठडा बघ की केवढा हाय.”

“आईला काही झालं तर मी तुम्हाला सोडणार नाही.”

मालन मधेच म्हणाली, “रणधीर, मीच म्हटलं हुतं तिला.”

“तू खोलीत जा, आई. आत्ताच्या आत्ता.”

ती गेली. त्यानं तारेच्या कामाचे रबरी हातमोजे घातले, लुगडं गोळा केलं आणि माझ्या ओट्यावर आणून ठेवलं. ठेवताना मात्र नीट घडी घातली होती. नंतर त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. समोर आला की खाली बघून जायचा.

मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्याच दिवशी, त्याची मोटरसायकल वळणापार गेली तशी खिडकीतून मालनची हाक आली.

“छबू, झिम्म्याच्या टाळ्या वाजव.”

“कशाला?”

“तू नुसत्या वाजव. मी आत करते. खिडकीचं गज हायत की धराय.”

मग मी गच्चीवर उभी राहून टाळ्या वाजवायला लागले. पाऊस असला तर पोतं पांघरून वाजवायचे. गल्लीत बोलणं झालं की एकटेपणानं छबूबाईंचं डोकं फिरलं. पुण्याहून माझ्या लेकीचा फोन आला, “आई, तू बरी आहेस ना?” मी म्हटलं, बरी आहे, व्यायाम करते. खिडकीत मला मालनच्या फक्त मुठी दिसायच्या, गजांना धरलेल्या, आणि ठेक्यात खाली-वर होणारं डोकं.

नंतर तिनं जिना धरला. तो कामावर असताना एक पायरी उतरायची, परत चढायची. मग दोन. आता माझ्या टाळ्यांवर ती पायऱ्या चढायची-उतरायची. एका दुपारी ती खालपर्यंत गेली, मोटरसायकल लावतात त्या फरशीवर उभी राहिली, वर बघून कमरेवर हात ठेवले आणि मला जीभ दाखवली.

“आता त्याला सांग की,” मी म्हटलं. “बघू दे त्याला.”

“नको गं. त्याला कळलं मी जिना उतरती, तर तो तिकडं खांबावर चढल्यावर बी माझाच इचार करत बसंल. तारेचं काम हाय त्याचं. तो यायच्या टायमाला मी आपली पडलेली असते. दोन उश्या लावून बसीव म्हणते. मास्क-हातमोजे चढवून तेवढ्यापुरता जवळ येतो, बसवतो. तेवढंच त्याला बरं वाटतं.”

“म्हंजे धडधाकट बाई लेकासाठी आजारी पडती रोज.”

“पडते की,” ती म्हणाली आणि हसायला लागली.

पंचमी आली तशी गेली. गल्लीत कुणी फेर धरला नाही. आम्ही दोघींनी आपापल्या गच्चीवर दोन गिरक्या घेतल्या, एवढंच.

त्यानंतर रणधीरला ताप आला. ज्याची भीती होती तेच निघालं. फार जोर नव्हता, म्हणून त्याला घरीच राहायला सांगितलं. जिन्याखाली एक खोली आहे, तिचा दरवाजा आणि खिडकी दोन्ही मागच्या बाजूला. तिथं तो कोंडून घेऊन राहिला. मी जेवण करून एक ताट त्याच्या दारात आणि एक मालनच्या वरच्या पायरीवर ठेवायचे. पाठोपाठ मालनला ताप चढला. वय, साखर आणि बोटाला लावायच्या यंत्रात आकडा जरा कमी. तिला दवाखान्यात न्यायचं ठरलं.

दुपार होती, ऊन-पावसाची. बोळात रुग्णवाहिका येत नाही, ती मोठ्या रस्त्याला थांबली. पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखातली दोन माणसं आली. आधी मागं जाऊन त्यांनी रणधीरला सांगितलं की दार उघडायचं नाही, आम्ही आजींना उचलून खाली आणतो. मग जिन्याशी आली. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून लागल्या. उघडी होती ती माझी गच्ची.

जिना अरुंद आणि मध्ये वळण. स्ट्रेचर वळेना. एकजण म्हणाला, “आजींना खुर्चीत बसवून उचलू.”

मालन दारात आली. तोंडाला मास्क, हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर. “बाजूला व्हा,” ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण मला ऐकू आला. “माझी मी उतरते.”

“आजी, दम लागेल.”

“थांबत थांबत येते. तुम्ही पुढं व्हा.”

माणसं एकमेकांकडं बघत दोन पायऱ्या खाली सरली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हात उचलेनात. मालननं भिंतीला हात लावला आणि पहिली पायरी उतरली. मग पुढची. चपला फटफट वाजत होत्या. वळणावर थांबली, श्वास घेतला. खालच्या अंगाला आल्यावर पुन्हा थांबली. मग फरशीवर आली, त्या दोघांच्या मधून बोळ चालून गेली आणि मोठ्या रस्त्याला वळताना तिनं वर बघितलं. मी “मालन!” म्हणून ओरडले. तिनं हात केला. ‘आले’ म्हणताना करतात तसा.

ती परत आली नाही. सुरुवातीला फोनवर लेकाला ‘बरी हाय’ एवढंच म्हणायची, मग तेही बंद झालं. गौरी बसल्या त्या दिवसांत गेली. नगरपालिकेच्या माणसांनीच सगळं उरकलं. रणधीरला अजून खोलीबाहेर पडायची मुभा नव्हती. दवाखान्यातल्या नर्सनं त्याला फोनवर सांगितलं की आजींनी खूप टिकाव धरला, एवढ्या साखरेला एवढा धरवत नाही. गल्लीत ते माझ्यापर्यंत आलं आणि माझ्या अंगाची आग झाली. टिकाव धरून काय झालं? माझं लुगडं, माझ्या टाळ्या, तिचा घाम, हे सगळं कशासाठी होतं? शेवटी जायचंच होतं तर आरामात तरी बसली असती, असंसुद्धा मनात आलं. मी पेटी उघडून ते लुगडं बघितलं नाही. अजूनही बघितलेलं नाही.

तेजस्विनी नात घेऊन आली, तेव्हा दारात भाकरतुकडा दुसऱ्याच कुणीतरी ओवाळला. मला कुणी बोलावलं नाही. मी वरून बघितलं आणि गिरणीत जाऊन पट्टा सुरू केला.

हिवाळ्यात गिरणीचा मेन स्विच जळाला. तक्रार दिली आणि काम करायला नेमका रणधीर आला. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला पाठवेल. पण तो आला, मान खाली घालून आत शिरला, खोका उघडला, जळकी वायर काढली, नवी घातली. मी पोत्यावर बसून होते. त्यानं बटण दाबलं, जातं फिरलं, बंद केलं. पिशवी भरली. आणि गेला नाही. दारातच पाठमोरा उभा राहिला.

“काकू, एक विचारायचं होतं.”

“विचार की.”

“आईला नेलं तेव्हा तुम्ही गच्चीवर होता?”

“हुते.”

“मी जिन्याखालच्या खोलीत होतो. दार उघडायचं नाही म्हणून सांगितलेलं. मला काही दिसलं नाही.” तो थांबला. “त्यांनी तिला कशात घालून नेलं? चादरीत का? मला ते सारखं दिसतं. स्वप्नात तिचं गठुळं करून नेतात आणि तिचं डोकं भिंतीला लागतं.”

इतके महिने मी समजत होते की त्या प्लास्टिकच्या पोशाखातल्या माणसांनी तरी त्याला सांगितलं असेल. त्याला काहीच माहीत नव्हतं.

“रणधीर, तिला कुणी उचललं न्हाई. ती चालत गेली.”

तो वळला. चेहऱ्यावर राग होता. “काकू, बरं वाटावं म्हणून सांगू नका. आईला उशी लावल्याशिवाय बसता येत नव्हतं. मी रोज बसवायचो.”

“तू आलास की ती पडून ऱ्हायची. तू खांबावर असताना तिचा घोर नको म्हणून. तू गेलास की उठायची. मी गच्चीवर टाळ्या वाजवायची, त्या काय येड लागलं म्हणून व्हय? ती जिना चढउतार करायची त्याच्यावर. रोज.”

तो पोत्यांच्या रांगेला टेकून खाली बसला.

“मला चपला ऐकू आल्या होत्या,” तो म्हणाला. “फटफट. मला वाटलं, उचलणाऱ्यांच्या.”

“त्यांच्या पायात बूट हुते. वरनं प्लास्टिक.”

“मग त्या चपला...”

“तिच्याच.”

“अगदी माझ्या भिंतीशी आल्यावर थांबल्या त्या. थोडा वेळ आवाजच नाही. मला वाटलं, जड झाली असेल, हात बदलत असतील.” तो पुढं झुकला. “काकू, का थांबल्या होत्या?”

मी ते बघितलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं कुणी नव्हतं. म्हटलं, “जिन्याच्या शेवटाला तुझ्या खोलीची भिंत हाय. तिथं ती थांबली. पिशवी खाली ठेवली आन दोन्ही तळवे भिंतीला लावले. तू ज्या अंगाला झोपायचास, तिथंच. बोलायला दम नव्हता तिला. तशी उभी राहिली, मग कपाळ टेकलं. मग पिशवी उचलली आन चालायला लागली. मोठ्या रस्त्यापतोर. कुणाचा हात न धरता.”

रणधीर रडला नाही. गुडघ्यांवर हात ठेवून तो बसून राहिला. बाहेर कुणीतरी डबा ठेवला, आत डोकावलं आणि निघून गेलं.

मग तो म्हणाला, “परत सांगा, काकू. खोलीच्या दारापासून सांगा. एकेक पायरी.”